गळाची काठी आणि रीळ : कोणत्या पाण्याला कोणतें?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा दक्षिण भाग म्हटला कीं ऐकणाऱ्याच्या मनांत दुष्काळ उभा राहतो. परंतु श्रीगोंदा तालुक्याचा नकाशा नीट पाहिला तर निराळेंच चित्र दिसतें. पश्चिमेकडून घोड नदी येऊन भीमेला मिळते. भीमा पुढें पेडगांवच्या जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशीं वळते. उत्तरेकडे हंगा नदीवर इंग्रजी अमदानींतला विसापूरचा तलाव पसरलेला आहे. आणि मधल्या मुलखांत घोड व कुकडी यांच्या कालव्यांचें पाणी उंसाच्या व लिंबांच्या बागांतून फिरतें. गेल्या कांहीं वर्षांत शेतोशेतीं शेततळींही झालीं आहेत. वाहती नदी, खोल डोह, वाऱ्यावर उघडा पडलेला तलाव, अरुंद कालवा आणि गाळानें भरलेलें गवताळ तळें, इतकीं पाण्याचीं रूपें एका तालुक्यांत सांपडतात. गळ टाकण्याची हौस ज्याला आहे त्याच्यापुढें म्हणूनच पहिला प्रश्न येतो तो हा, कीं यांतल्या कोणत्या पाण्यावर कोणती काठी न्यावी?

या नद्यांचा आणि मत्स्यविद्येचा संबंध जुना आहे. मुंबई सरकारच्या नोकरींत असलेल्या कर्नल साइक्स नांवाच्या अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन सन 1839 मध्यें प्रसिद्ध केलें. त्यानें शास्त्रीय नांवें देतांना ग्रीक-लॅटिन शब्दांच्या मागें न लागतां पुष्कळ ठिकाणीं कोळ्या-भोयांच्या तोंडचे मराठी शब्दच उचलले. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेल्या माशाला त्यानें ‘खुद्री’ म्हटलें. तोच आजचा दख्खनी महाशीर. शिरूरजवळ घोड नदींत मिळालेल्या माशाला त्यानें ‘मुसल्ला’ हें नांव दिलें. हा दुसरा मासाही महाशीरच, अशी समजूत पुढें बरीच वर्षें चालली. अलीकडील संशोधकांनीं तो निराळ्या प्रजातींतला आहे असें दाखविलें आहे. म्हणजे श्रीगोंद्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या नदीचा मासा जगाच्या ग्रंथांत जाऊन बसला आहे. मात्र त्याच नदीच्या कांठीं आज तो पहावयास मिळणें कठीण झालें आहे.

आपल्याकडील गळाची मूळ काठी म्हणजे भरीव वेळूची. टोंकाला काठीएवढीच लांब दोरी, तिला गळ, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. या साधनांत रीळ नाहीं, आणि लहान पाण्यावर त्याची गरजही नाहीं. हातभर माशाला ही काठी पुरी पडते, आणि मुलांना शिकविण्यास यासारखें दुसरें साधन नाहीं. अडचण दोन ठिकाणीं येते : मासा काठापासून दूर असतो तेव्हां, आणि मासा मोठा असून पळूं लागतो तेव्हां. दूर फेंकण्यासाठीं व पळणाऱ्याला दोरी देण्यासाठीं रीळ आलें.

फेंकण्याचे मार्ग दोन आहेत, आणि काठीची सारी निवड या भेदावर अवलंबून असल्यामुळें तो आधीं समजून घेतला पाहिजे. पहिल्या मार्गांत वजन आमिषाला किंवा शिशाच्या गोळीला असतें. गोळी पुढें जाते आणि हलकी दोरी तिच्यामागून ओढली जाते. यासाठीं आज सर्वत्र वापरलें जाणारें रीळ म्हणजे स्थिर फिरकीचें. इंग्लंडांतील ब्रॅडफर्डच्या लोंकर-गिरण्यांच्या परिसरांतल्या इलिंगवर्थ नांवाच्या गृहस्थानें सन 1905 मध्यें त्याचें पेटंट घेतलें. गिरणींतील कांडीवरून सूत जसें कांडी न फिरतां टोंकावरून सरसर निसटतें, तशीच दोरी रिळावरून निसटूं द्यावी, ही त्याची युक्ति होय. ज्या प्रांतांत माग आणि कांड्या घरोघर ठाऊक होत्या तेथें ती सहज समजण्यासारखी आहे.

दुसरा मार्ग लटक्या माशीचा. पिसें, केस व रेशीम गळाला गुंडाळून किड्याची, बेडकाची किंवा चिमुकल्या माशाची नक्कल केलेली असते. तिला वजन म्हणून नसतेंच. कापसाच्या बोंडाप्रमाणें ती हातानें फेंकली तर पायाशींच पडेल. येथें वजन दोरीला दिलेलें असतें. जाड, लेप दिलेली, पुढें निमुळती होत जाणारी दोरी हवेंत मागें-पुढें उलगडते आणि आपल्याबरोबर माशीला नेते. पहिल्या मार्गांत आमिष दोरीला नेतें, दुसऱ्यांत दोरी माशीला नेते. म्हणून माशीच्या काठीच्या निवडींत काठीच्या आधीं दोरी येते. दुकानांत आधीं काठी हातांत घेऊन हलवून पाहणारा मनुष्य उलट्या टोंकाकडून सुरुवात करीत असतो.

दोऱ्यांना क्रमांक असतात. रेशमाच्या दोऱ्या होत्या तोंपर्यंत त्यांची जाडी अक्षरांनीं सांगत. रेशमाची घनता सारखी असल्यामुळें जाडीवरून वजन कळे. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या व लेपाच्या दोऱ्या आल्या आणि सारख्या जाडीच्या दोन दोऱ्या वजनाला निराळ्या भरूं लागल्या. म्हणून 1960 च्या सुमारास अमेरिकेंतील कारखानदारांनीं वजनाचे क्रमांक ठरविले. दोरीच्या पुढच्या 30 फुटांचें वजन हें त्याचें माप. चार क्रमांकाची दोरी 120 ग्रेन, पांचाची 140, सहाची 160, साताची 185, आठाची 210, दहाची 280. ग्रेन हें माप आपल्या कानाला परकें. पण जुना तोळा बरोबर 180 ग्रेनांचा व मासा 15 ग्रेनांचा, हें लक्षांत घेतलें कीं सारें सराफाच्या कांट्यावर येतें. चाराची दोरी आठ मासे, आठाची दोरी चौदा मासे, आणि साताची एक तोळा व वर किंचित. (येथें मासा म्हणजे तोळ्याचा बारावा भाग, गळाला लागणारा नव्हे.) काठीवर मुठीच्या वर जो आंकडा लिहिलेला असतो तो तिचा स्वतःचा नव्हे, तिला साजणाऱ्या दोरीचा. पांचाच्या काठीला आठाची दोरी जोडली तर ती ओल्या फांदीसारखी वांकून राहते. उलट जोडली तर काठी वांकतच नाहीं आणि सारा भार मनगटावर पडतो.

आतां पाण्याकडे वळूं. दसऱ्यानंतर पावसाचा गढूळपणा खालीं बसला कीं घोड नदीच्या खडकाळ पट्ट्यांत पाणी निवळतें. अशा उथळ, वाहत्या पाण्यांत मासा लहान, पण सावध असतो. त्याच्या डोक्यावर जड दोरी आपटली कीं तो गेलाच. येथें चार किंवा पांच क्रमांकाची, साडेआठ ते नऊ फुटांची, मऊ वांकणारी काठी चांगली. मऊ काठी दोरीला हळू उलगडते व पाण्यावर अलगद ठेवते. दोरीच्या पुढें नऊ फूट निमुळता नायलॉनचा धागा असावा. त्याच्या टोंकाची जाडी सांगण्याची रीत मोठी गंमतीची आहे : अकरांतून त्याचा आंकडा वजा करावा, जी बाकी राहील तितके इंचाचे हजारावे भाग. पांचाचा धागा म्हणजे इंचाचे सहा सहस्रांश. आणि माशीच्या गळाच्या आंकड्याला तीनानें भागलें कीं जवळजवळ योग्य धागा मिळतो. बारा नंबरच्या गळाला चाराचा धागा. या पाण्यावर रीळ कसेंही चालेल. मासा इतका लहान असतो कीं दोरी हातानेंच ओढून घ्यावयाची; रिळाचें काम उरलेली दोरी सांभाळण्याचें. तरीही नवखे लोक सर्वांत अधिक पैसा रिळावरच खर्च करतात, कारण तें चकचकतें.

विसापूरच्या तलावावर हीच काठी घेऊन गेलेला मनुष्य अर्ध्या तासांत चिडून परत येईल. मोकळ्या माळावरचें हें पाणी; वाऱ्याला अडविणारें कांहीं नाहीं. आठ-नऊ मासे वजनाची दोरी वारा उचलून फेंकणाऱ्याच्या कानाशीं आणून टाकतो, आणि तिच्या टोंकाला गळ असतो हें विसरून चालत नाहीं. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय अशा वाऱ्यांत माशी फेंकूं नये. तलावासाठीं नऊ फुटांची, सात किंवा आठ क्रमांकाची, कांहींशी ताठ काठी लागते. वजन पुढच्या भागांत एकवटलेली दोरी तेथें उपयोगी. ती थोड्या झोक्यांत दूर जाते. दोन्ही टोंकांना सारखी निमुळती होणारी दोरी दूर जात नाहीं, पण एक टोंक झिजलें कीं उलटून दुसरें वापरतां येतें. काटकसरी माणसानें नदीसाठीं ही दुसरी जात घ्यावी आणि तलावासाठीं पहिली.

तलावांतल्या सगळ्याच माशांना माशीची भूल पडत नाहीं, हें सांगून टाकलेलें बरें. कटला पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूचा ओढा शेवाळाकडे व वनस्पतींकडे. त्यांच्यापुढें पिसांची माशी नाचविणें म्हणजे शाकाहारी पाहुण्यापुढें सामिष ताट ठेवणें होय. त्यांच्यासाठीं कणीक आणि साधें फिरकीचें रीळ, हाच सरळ मार्ग. माशी घेतो तो चिलापी, आणि त्याहून आवेशानें मरळ. चिलापी मूळचा आफ्रिकेंतला. 1952 मध्यें तो भारतांत आणला गेला आणि आतां उजनीपासून गांवतळ्यांपर्यंत सर्वत्र पसरला आहे. तो पकडून नेण्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं. सहाची काठी व लहान बुडती माशी त्याला पुरते.

मरळ हें प्रकरण निराळें. गाळाच्या, गवत माजलेल्या तळ्यांत तो दबा धरून बसतो आणि बेडकावर झडप घालतो. हवेंतून श्वास घेण्यासाठीं तो अधूनमधून वर येतो, तेव्हां त्याची जागा कळते. बेडकाच्या आकाराची केसाळ माशी त्याच्या पुढ्यांत टाकली कीं पाणी फुटतें. त्यानंतरचें काम मात्र काठीच्या ताकदीचें आहे. मरळाला गवतांत शिरूं दिलें कीं दोरी गुंतून तुटते आणि तोंडांत गळ घेऊन तो तसाच राहतो. म्हणून येथें दूर फेंकण्याची गरज नसतांनाही आठाची काठी आणि जाड, आंखूड धागा हवा. पाणी लहान म्हणून काठी लहान, हा हिशेब या तळ्यांत चुकतो. काठी अडथळ्याच्या मापानें निवडावी लागते. आणखी एक गोष्ट. पावसाळ्यांत तळ्यावर तांबूस पिलांचा थवा एके ठिकाणीं खदखदतांना दिसतो. त्याच्या खालीं मरळाचें जोडपें राखण करीत असतें. त्या वेळीं तें कशावरही झडप घालतें, म्हणून पकडण्यास फार सोपें. तें उचललें कीं दोन दिवसांत त्या थव्याचा फराळ इतर मासे करतात. अशा जागीं काठी उचलून दुसरीकडे जावें.

भीमेच्या डोहांसाठीं प्रश्न खोलीचा. पेडगांवच्या आसपास पात्र रुंद आहे, आणि खाली उजनीचें धरण 1980 मध्यें पुरें झाल्यापासून नदीच्या खालच्या अंगाला पाण्याची रीतच बदलली. शिंगाळा, शिवडा, वाम हे तळाचे मासे. तरंगत्या दोरीनें माशी त्यांच्यापर्यंत पोंचतच नाहीं. बुडत्या दोरीनें पोंचली तरी गढूळ पाण्यांत दिसत नाहीं. येथें माशीचा हट्ट न धरतां सात-आठ फुटांची दणकट काठी, फिरकीचें मोठें रीळ व वासाचें आमिष घ्यावें. माशीनें पकडलेला मासा श्रेष्ठ व आमिषानें पकडलेला कनिष्ठ ही विलायती वर्णव्यवस्था भीमेकांठीं आणण्याचें कारण नाहीं.

मग भारी रिळाचें काम कोठें? तें महाशीराच्या पाण्यावर. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी टॉमस यानें 1873 मध्यें ‘रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. त्यांत महाशीराला मोठा मान दिलेला आहे. या माशाच्या जबड्यांत दांत नसतात. ते घशांत असतात, आणि त्यांच्या दाबाखालीं हलका गळ मोडून पडतो. गळ लागतांच तो प्रवाहाच्या दिशेनें जी पहिली धांव घेतो तींत पन्नास-साठ वार दोरी जाते. येथें आठ ते दहा क्रमांकाची काठी, आणि रिळावर दोरीच्या मागें निदान 150 वार राखीव बारीक दोरा पाहिजे. रिळाचा बिंब रुंद असावा, म्हणजे एका फेऱ्यांत जास्त दोरी गुंडाळली जाते. त्याचा आळा, म्हणजे दोरी सुटतांना तिला रोखणारी चकती, झटका न देतां सुटला पाहिजे. दुकानांत हें तपासण्याची सोपी रीत आहे : दोरी हळूच ओढावी, पहिल्या बोटभर ओढीला ती अडून मग एकदम सुटली तर तें रीळ ठेवून द्यावें. मासा तोच पहिला झटका देऊन धागा तोडतो.

महाशीर आज मुख्यतः पाळून व सोडून राखलेला आहे. लोणावळ्याजवळ वळवणच्या टाटा कंपनीच्या जलाशयावर डॉ. सी. व्ही. कुळकर्णी यांच्या प्रयत्नानें 1970 नंतर त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली आणि तेथील पिलें पुष्कळ ठिकाणीं सोडण्यांत आलीं. अशा माशाला परत पाण्यांत सोडावयाचें तर हलकी काठी ही दया नव्हे. पांचाच्या काठीवर मोठ्या माशाला घटकाभर दमविलें तर तो पोहत निघून गेल्यासारखा दिसतो आणि पुढें डोहांत मरतो. जड काठीनें लवकर ओढून, ओल्या हातानें गळ काढून सोडलेला मासा जगतो.

काश्मीरला जाणाऱ्या कुटुंबांतून ट्राउटची चौकशी होते. तो मासा तेथें 1900 च्या सुमारास विलायतेहून आणला गेला. थंड, निर्मळ ओढ्यांवर तीन ते पांच क्रमांकाची काठी व परवाना एवढें पुरे. श्रीगोंद्याची आठाची काठी तेथें नेऊं नये आणि तेथली तिनाची येथें आणूं नये.

एकच काठी घेण्याची ऐपत किंवा इच्छा असेल तर काय? बहुतेक घरांचा प्रश्न हाच असतो. श्रीगोंद्याच्या पाण्यासाठीं उत्तर सात क्रमांकाचें : नऊ फूट, चार तुकड्यांची, मध्यम वांकाची. घोडच्या पट्ट्यांत ती जराशी जड होईल, मरळाच्या गवतांत जराशी हलकी. पण दोन्हीकडे निभावेल आणि विसापूरच्या वाऱ्यांत खरी शोभेल. चार तुकड्यांची यासाठीं कीं ती एस. टी. च्या बांकाखालीं मावते. पैशाची वांटणी करतांना पहिला मान दोरीला, दुसरा काठीला, तिसरा रिळाला द्यावा. रीळ बसवून काठी एका बोटावर तोलून पहावी. बुचाच्या मुठीच्या पुढच्या टोंकाशीं तोल आला तर रिळाचें वजन योग्य. रीळ फार हलकें असेल तर टोंक खालीं झुकतें आणि संध्याकाळपर्यंत मनगट दुखतें. वयस्कांना हें लवकर कळतें.

काठ्या पूर्वीं लांकडाच्या व चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या असत, युद्धानंतर कांचतंतूच्या आल्या, आणि 1970 नंतर कार्बनच्या. कार्बनची काठी हलकी व चपळ, पण तिचे दोन दोष घरच्यांनीं ध्यानांत ठेवलेच पाहिजेत. एक, ठोकर लागून आंत पडलेली चीर बाहेरून दिसत नाहीं. आणि छताचा पंखा हा तिचा पहिला शत्रु. दुसरा दोष प्राणघातक आहे. कार्बनमधून वीज वाहते. बागाईत मुलखांत नदीकांठच्या मोटारींकडे व शेततळ्यांकडे विजेच्या तारा नेलेल्या असतात आणि पुष्कळ ठिकाणीं त्या लोंबलेल्या असतात. नऊ फुटांची काठी, उंचावलेला हात आणि ओली दोरी मिळून माणूस तारेपर्यंत सहज पोंचतो. तारेखालीं काठी जोडूंच नये. तुकडे वेगळे करून पुढें जावें. आभाळांत गडगडाट सुरू होतांच काठी खालीं ठेवावी. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या उतारावर ओल्या पायानें उभें राहूं नये. त्यावरून घसरलेल्या पोहणाऱ्यालाही हाताला धरावयास कांहीं मिळत नाहीं. दोन्ही कांठांना पोंचेल असा गांठी मारलेला दोर तेथें कायम बांधलेला असावा. तो नसेल तर मुलांना त्या तळ्यावर नेऊं नये. भरून वाहणाऱ्या कालव्याच्या तिरप्या भिंतींचीही तीच गत आहे.

तलावांवर मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेला असतो. कटला-रोहूचें बी त्यांनीं पैसे मोजून सोडलेलें असतें. म्हणून काठी जोडण्यापूर्वीं संस्थेच्या माणसाला विचारावें, शुल्क असेल तें द्यावें. बहुतेक वेळां तोच मरळ कोणत्या कोपऱ्यांत आहे तेंही सांगतो, आणि हातांतली सात नंबरची काठी पाहून ती कितीला पडली असें विचारतो.